काळी पाचचा भोंगा

आठवीत असताना शाळेच्या बँडसाठी मुली निवडायला संगीताच्या बाई आमच्या वर्गात आल्या. त्यांनी सगळ्या बाकांवरून एक नजर फिरवली, माझ्या खांद्यांपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ही उचलेल." संगीतातली माझी निवड एवढ्या दोन शब्दांत झाली. सडपातळ मुलींना क्लॅरिनेट मिळाली, गोऱ्या मुलीला पुढे चालायची काठी मिळाली आणि मला ट्यूबा.

नांदेडात त्याला ट्यूबा कुणीच म्हणत नसे. भोंगा म्हणत. मी पंधरा ऑगस्टच्या संचलनात तो अंगावर घेऊन निघाले की रस्त्याच्या कडेची माणसं आधी भोंगा बघायची आणि मग त्याच्या मागून चालत येणारे पाय कुणाचे आहेत ते वाकून बघायची. माझ्या आत्याला वेगळीच काळजी होती. "पोरीचे ओठ फाकतील. उद्या बघायला आलेल्यांना काय सांगायचं, भोंगा वाजवून वाजवून असे झाले म्हणून?" वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. मूळचे भोकरचे, पण खात्यात राहून त्यांची भाषा फायलीसारखी झाली होती. त्यांनी निकाल दिला, "शाळेनं लेखी कळवलंय. वाजवू दे तिला."

आमच्या बाई पेटीवाल्या. त्या प्रत्येक वाद्याची ओळख पेटीच्या पट्टीवरून करून देत. शाळेचा ट्यूबा काळी दोनचा होता. म्हणजे त्याचा एकही खटका न दाबता सरळ फुंकलं की पेटीतली काळी दोन, म्हणजे दुसरी काळी पट्टी, बोलायची. त्यावरून पुढचा हिशेब बोटांनी शिकायचा. कुठल्या सुराला पहिला खटका, कुठल्याला पहिला आणि दुसरा, कुठल्याला नुसता दुसरा. दोन वर्षांत माझी बोटं मला न विचारता चालायला लागली. आपल्याला काहीतरी येतं, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

भूकंप झाला त्या वर्षी मी दहावीत होते. नांदेडला आमच्या मांडणीवरची भांडी वाजली, तेवढंच. किल्लारीकडं काय झालं ते दिवस वर आल्यावर कळलं आणि नंतर बरेच दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. मग माझा निकाल लागला, ब्याऐंशी टक्के, आणि वडिलांनी ठरवलं की अकरावी-बारावी लातूरला करायची. तेव्हा डॉक्टर होणाऱ्या पोरांची एसटी लातूरलाच जायची. आपली पोरगी डॉक्टर होणार आहे का, हा प्रश्न विचारायला एसटीत वेळ नव्हता.

लातूरला माणसाला नावाआधी टक्के विचारत. खोली बघायला गेलो तर घरमालकीणबाईंनी वडिलांना पाणी दिलं आणि मला विचारलं, "किती पडले, पोरी?"

"ब्याऐंशी."

"बरं बरं," त्या म्हणाल्या. आजारी माणसाची चौकशी करताना लावतात तसा आवाज लावून. "मागची खोली दाखवते."

त्यांच्या यजमानांचं खाली किराणा दुकान होतं आणि वर सहा खोल्या. रस्त्याकडच्या, खिडकीच्या खोल्या नव्वदच्या वरच्या मुलींना. त्यातली एखादी गुणवत्ता यादीत आली तर त्या खिडकीखाली फटाके फुटणार होते आणि पुढच्या वर्षी खोलीला मागणी येणार होती. माझ्या खोलीला खिडकी नव्हती, पण मोरीचा आवाज उत्तम यायचा.

गावात तेव्हा दोनच गोष्टी वाढत होत्या, क्लास आणि पत्रे. भूकंपानंतर कुणाला स्लॅबखाली बसवत नव्हतं. म्हणून क्लासवाल्यांनी पत्र्याच्या लांबलचक शेड ठोकल्या आणि जाहिरातीत अनुभवी प्राध्यापकांच्या खालीच छापलं, 'वर स्लॅब नाही.' आमच्या कॉलेजातही फिजिक्सचा वर्ग अशाच शेडमध्ये भरायचा. दोनशे पोरं पहाटे पाचला तिथं बसून पंख्याविना न्यूटन पाठ करायची. दर शनिवारी टेस्ट, सोमवारी फळ्यावर क्रमांक. मी पहिल्या टेस्टला एकशे एकेचाळिसावी होते.

आमच्या कॉलेजात बँडच्या वाद्यांनी भरलेली एक लाकडी पेटी होती. ती तिथं कशी आली, हे प्राचार्यांनाही नीट सांगता यायचं नाही. भूकंपाच्या मदतीत लोकांनी जगभरातून मन लावून सामान पाठवलं होतं. त्यात तंबू होते, औषधं होती, आणि लोकरीच्या कानटोप्या नि गळ्यात बांधायचे टायही होते. कुठल्याशा परदेशी गावच्या भल्या माणसांनी त्यांचा जुना बँडच पाठवला होता. ज्यांना अजून चूल मांडायला धड जागा नव्हती त्यांच्या हातात क्लॅरिनेट कोण देणार? तेव्हा ती लाकडी पेटी या कचेरीतून त्या कचेरीत फिरत फिरत शेवटी आमच्या जिमखान्यात येऊन पडली. देणाऱ्यांची एकच विनंती होती, बँड वाजत असतानाचा एक फोटो पाठवा.

प्राचार्यांनी ताबडतोब दोन कामांची गाठ मारली. सहा आठवड्यांनी गुणवंतांचा सत्कार होता, मोठे पाहुणे येणार होते. त्यांनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं, "आपल्याकडे सगळं आहे. फक्त संस्कृतीचा विभाग जरा कमी पडतो. ज्यांना वाजवता येतं त्यांनी हात वर करा. त्यांना शनिवारच्या टेस्टमधून सूट."

टेस्ट हा शब्द ऐकून माझा हात वर गेला. संस्कृतीचं नंतर बघू म्हटलं.

शिकवायला ज्यांना आणलं त्यांना सगळे उस्ताद म्हणत. लातूरच्या जुन्या वस्तीतले, आयुष्यभर लग्नांचा बँड चालवलेले, मेंदी लावलेली दाढी, चालताना एक पाय अजूनही तालावर. जिमखान्यात त्यांनी पेटीतून दोन ट्यूबा काढून जमिनीवर ठेवले. एक लहान, पोटाला पोचा आलेला, रंग उडालेला. दुसरा त्याच्या दीडपट, चार खटक्यांचा, पिवळाधमक, तोंडाच्या कडेवर देणाऱ्या गावाच्या नावाची पट्टी.

उस्तादांनी लहान्याला तेल घातलं, फुंकायची वाटी रुमालानं पुसून फुंकून पाहिला आणि माझ्याकडं वळले. "बेटी, किस पे सीखी?"

"काळी दोन."

"तो फिर ये ले. ह्यो काळी दोनच हाय. पोटाला मार बसलाय, पण सूर सच्चा. अन् तुझी बोटं ह्याला वळखतात."

"आणि तो?"

"वो काली पाँच." त्यांनी हाताच्या अंगठ्यानं मोठ्याकडं दाखवलं. "बाजा चांगला हाय. पण बोटं सगळी बदलतील. दम दुप्पट लागेल. पहिलीत बसावं लागेल तुला पुन्हा. किती दिवस हायेत?"

"सहा आठवडे."

"मग इचारून काय राहिलीस? लहाना घे."

उस्तादांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण दोन महिने मागच्या खोलीत मोरीचा आवाज ऐकलेल्या माणसाला पिवळाधमक दिसल्यावर काय होतं, ते उस्तादांना माहीत नव्हतं. मी मोठ्याला मिठी मारली. तेवढ्यात प्राचार्य डोकावले, त्यांनी कडेवरची पट्टी वाचली आणि म्हणाले, "वा! हाच. फोटोत नाव स्पष्ट आलं पाहिजे." उस्ताद चहा प्यायला बाहेर गेले.

ते गेले आणि मी एकटीच राहिले. मोठा मांडीवर घेतला, त्याचं बूड जमिनीला टेकवलं आणि हा किती खाली जातो ते बघावं म्हणून छाती भरून त्याचा अगदी खालचा सूर लावला. आवाज कानाला आला त्याआधी फरशीतून पायाला आला. मला फार बरं वाटलं. अशी ताकद माझ्या हातात कधी आली नव्हती. मी श्वास घेतला आणि तोच सूर पुन्हा लावला, आणखी लांब.

भिंतीपलीकडं फिजिक्सची टेस्ट चालू होती. शेडचे पत्रे थरथरायला लागले. कुणीतरी ओरडलं, आणि दोनशे पोरं दोन दारांतून मैदानात आली. सगळ्यांच्या पुढं फिजिक्सचे सर होते, हातात खडू आणि पायात एकच चप्पल. मागच्याच आठवड्यात त्यांनी, भूकंपात घाबरून पळू नये, क्रमानं बाहेर पडावं, यावर अर्धा तास बोलून दाखवलं होतं.

पुढचं मला नंतर कळलं. दप्तर कुणी आणलं नव्हतं, पण उत्तरपत्रिका निम्म्या पोरांनी आणल्या होत्या. दोघं मैदानातच एकमेकांचं जुळवून बघत होते. एकानं सरांना विचारलं, "सर, ही पंधरा मिनिटं वाढवून मिळतील ना?" आणि मी आत तिसऱ्यांदा तोच सूर लावत होते. उस्ताद कपासकट धावत आले. "बस कर बेटी, बस! आख्खं लातूर बाहेर निघालं!"

सोमवारी नोटीस लागली. सदर वाद्य इमारतीपासून शंभर पावलांवर वाजवावे, जमिनीस टेकवू नये. टेस्ट रद्द झाली. ज्यांना पेपर अवघड गेला होता ते माझ्याशी पहिल्यांदाच हसून बोलले, आणि ज्यांना सोपा गेला होता त्यांच्या पालकांनी तक्रार केली. सर मात्र आठवडाभर माझ्या वर्गातल्या बाकाकडं बघत नव्हते.

हसणं एका ठिकाणी थांबलं. माझ्या खोलीतली दुसरी मुलगी किल्लारीच्या बाजूच्या गावातली होती. तिचं घर गेलं होतं आणि घराबरोबर आजोबा. त्या दिवशी टेस्टमधून पळालेली सगळी पोरं परत वर्गात गेली, ती गेली नाही. मैदानाच्या टोकाला लिंबाखाली मातीवर तळवे टेकून बसली होती. मी तिच्यापाशी गेले. शेजारी मातीवर बसले.

"भूकंप नव्हता. भोंगा होता. मीच वाजवत होते."

ती म्हणाली, "आण तो इथं. माझ्यासमोर वाजव."

मी आणला. तिनं ट्यूबाच्या पोटावर हात ठेवला आणि मी तोच सूर लावला, अगदी हळू. तिनं हात काढला नाही. सूर संपल्यावर म्हणाली, "न्हाई. तो असा नव्हता. ह्याला पोट हाय. तो सगळीकडून आला होता." मग तिनं डोळे पुसले आणि कपडे झटकून उठली. त्या दिवसापासून मी त्या लिंबाखाली वाजवायची तेव्हा ती बायोलॉजीचं पुस्तक घेऊन जवळ बसायची. मी एकदा विचारलं, एवढ्या आवाजात पाठ कसं होतं? ती म्हणाली, "आवाज कशाचा हाय ते दिसतंय तोवर होतं पाठ."

आणि मग माझी शिक्षा सुरू झाली. काळी पाचच्या भोंग्यावर माझी बोटं दगा द्यायला लागली. सत्काराला वाजवायच्या मार्चची, म्हणजे संचलनाच्या चालीची, धून काळी पाचमध्येच होती. तिच्या सा ला दोन्ही ट्यूबांवर एकही खटका दाबायचा नसतो, त्यामुळं सुरुवात झकास व्हायची. फसगत तिथंच होती. पुढं मी जुन्या सवयीनं रे दाबला की ग बाहेर यायचा. मध्यमाला जुन्यावर खटका नव्हता, म्हणून मी बोटं उचलायची आणि पंचम निघायचा. दमही पुरेना. चार ओळी वाजवल्या की डोळ्यांपुढं काजवे. घरमालकीणबाईंनी मला जिन्यात भिंतीला धरून उभं बघितलं आणि कौतुकानं म्हणाल्या, "लई अभ्यास करून राहिली वाटतं पोरगी."

मी लातूरचा उपाय केला. एका वहीच्या कागदावर तक्ता काढला, डावीकडं जुनी बोटं, उजवीकडं नवी, मध्ये बाण. पहाटे न्यूटनच्या आधी तो पाठ करायची. खोलीतली मैत्रीण तोंडी परीक्षा घ्यायची. "मध्यम?" "पहिला!" "गंधार?" "पहिला-दुसरा!" पैकीच्या पैकी. आणि लिंबाखाली उभी राहिले की प्रत्येक सूर अर्ध्या मात्रेनं उशिरा. मागून ढोलवाला ओरडायचा, "ताई, गाडी सुटली!"

उस्तादांनी तिसऱ्या आठवड्यात माझा तक्ता मागितला. नीट वाचला. चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सारला. "बेटी, तू वाजवून नाही राहिली. तू तर्जुमा करून राहिली. आधी जुनं आठवते, मग त्याचं नवं करते, तवर नवरदेव मांडवात जाऊन बसतो. गा."

"काय?"

"धून गा. तोंडानं."

"मला गाता येत नाही, उस्ताद."

"म्हशीला बी येत नाही. तरी सुरात हंबरते. गा."

मी गायले. लिंबावरचे कावळे उडाले, पण उस्ताद हसले नाहीत. रोज आधी अर्धा तास गायचं, मगच भोंग्याला हात लावायचा. सूर आधी गळ्यात आला की बोटं मागून त्याला शोधत जातात, एवढंच त्यांचं शास्त्र. माझा त्यावर विश्वास नव्हता. ज्या गावात प्रत्येक प्रश्नाची शॉर्टकट पद्धत छापील मिळत होती, तिथं म्हशीसारखं हंबरायचं? दरम्यान फळ्यावरचा माझा क्रमांक एकशे एकेचाळीसवरून एकशे अठ्ठ्याऐंशीवर गेला. सूट शनिवारपुरती होती, क्रमांक मात्र सगळ्यांचा लागत होता, हे प्राचार्य सांगायला विसरले होते.

चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी धून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली आणि संपल्यावर लक्षात आलं की मध्यमाला कुठलं बोट पडलं ते मला आठवत नाही. उस्तादांनी स्वतःचा चहा माझ्यापुढं सरकवला.

सत्काराच्या दिवशी पाहुणे दोन तास उशिरा आले. ते फाटकाशी आले, अशी बातमी तीन वेळा आली आणि तिन्ही वेळा खोटी ठरली. दर वेळी आम्ही मार्च वाजवला. खरंच आले तेव्हा आमची ती आठवी-नववी फेरी असेल. घामानं वाटी ओठांवरून सरकत होती, आणि पाहुणे पायऱ्या चढत असतानाच माझी बोटं नांदेडला परत गेली. मध्यमाच्या जागी दणदणीत पंचम. क्लॅरिनेटवाल्या पोरांनी माना वळवल्या. उस्तादांनी मागं न बघताच काठी थोडी वर उचलली आणि ढोल मोठा झाला. मी थांबले, गळ्यातल्या गळ्यात एक ओळ गायले, आणि पुढच्या सा वर आत शिरले. त्यानंतर शेवटपर्यंत चुकले नाही.

पाहुणे भाषणात म्हणाले, बँडच्या आवाजानं त्यांची छाती भरून आली, आणि आता या लातूरला कुणी हलवू शकणार नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या फिजिक्सच्या सरांनी टाळ्या वाजवल्या.

मग फोटो. मी ट्यूबा घेऊन पट्टी कॅमेऱ्याकडं येईल अशी उभी राहिले. प्राचार्यांनी कॅमेऱ्याच्या बाजूनं बघितलं, मान तिरपी केली आणि म्हणाले, "जरा तो भोंगा त्याच्याकडं दे बरं."

तो म्हणजे त्या वर्षी गुणवत्ता यादीत आलेला मुलगा. बिचारा गरीब स्वभावाचा होता. ट्यूबाच्या वजनानं एका बाजूला कलला आणि माझ्या कानाशी कुजबुजला, "कुठून फुंकायचं?"

"फुंकू नकोस," मी म्हटलं. "नुसता हस."

तो हसला. मी त्याला सत्कारात मिळालेली ढाल हातात धरून कॅमेऱ्याच्या मागं उभी होते. उस्तादांनाही चौकटीबाहेर सरकायला सांगितलं, कारण त्यांचा कोट विटका होता. ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "फोटोत आवाज येत नाही, बेटी. चल, चहा पिऊ." मला चहा गेला नाही.

बारावीत बँड बंद झाला, वर्ष महत्त्वाचं होतं. जिमखान्याला कुलूप लागलं. मी एकदा किल्ली मागायला गेले तर शिपाई म्हणाला, "सायबांना इचारा." प्राचार्यांना विचारलं तर ते म्हणाले, "आधी क्रमांक बघू." क्रमांक बघितल्यावर विषय संपला. बारावीला मला सत्तर टक्के पडले. खोलीतल्या मैत्रिणीला नव्वदच्या वर पडले आणि घरमालकीणबाईंनी तिचं सामान स्वतःच्या हातानं पुढच्या खोलीत नेऊन ठेवलं, एका दिवसासाठी, फटाके वाजवायला खिडकी लागते म्हणून.

मला न्यायला वडील आले. परतीची एसटी अहमदपूरला बराच वेळ थांबली. स्टँडवर चहा घेताना त्यांनी पिशवीतून कॉलेजचं नवं माहितीपत्रक काढलं. कचेरीत टेबलावरून उचलून आणलं होतं. मुखपृष्ठावर तो मुलगा, काळी पाचचा भोंगा, आणि खाली 'अभ्यासासोबत कलाही'.

"हे बघ," वडील म्हणाले. रागानं नाही, दमून. "हा पोरगा यादीत बी आला आन् बाजा बी वाजवला. तुला काय झालं होतं, माय?"

मी चहाचा कप खाली ठेवला. "तो भोंगा माझा आहे, बाबा. त्याला वाजवता येत नाही. मी वाजवत होते."

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "मग तुझा फोटो का न्हाई?"

"माझे टक्के कमी होते."

त्यांनी माहितीपत्रकाची घडी केली आणि पिशवीत ठेवली. एसटीत, लोह्याच्या पुढं, त्यांनी विचारलं, "लई जड असतो का?"

"असतो."

मी नांदेडला बीएस्सीला प्रवेश घेतला आणि पुढं शिक्षिका झाले. डॉक्टर झाले नाही याचं दुःख आत्यालाच जास्त झालं. पण आम्ही लातूरहून परतलो त्याच आठवड्यात वडिलांनी खात्याच्या कागदावर, खात्याच्या भाषेत, कॉलेजला पत्र लिहिलं होतं. त्याची प्रत त्यांनी मला दाखवली. विषय: मुखपृष्ठावरील छायाचित्रात वाद्य अन्य विद्यार्थ्याच्या ताब्यात दर्शविल्याबाबत. सदर वाद्य माझी मुलगी वाजवीत असून तशी दुरुस्ती व्हावी, ही विनंती. खाली सही आणि हुद्दा.

महिन्याभरानं उत्तर आलं. जाड, सरकारी रंगाचा लिफाफा. वडिलांनी तो सुरीनं काळजीपूर्वक कापला. आत प्रवेशाचा कोरा अर्ज होता आणि छापील चिठ्ठी, आपल्या चौकशीबद्दल आभार, जागा मर्यादित आहेत. वडिलांनी अर्ज उलटसुलट करून बघितला, वर आवक तारीख घातली, आणि दुसरं पत्र लिहायला बसले.